पाठीचा नकाशा

बायको शालन गेल्याचं कळलं तेव्हा विलासराव खोत दिवाणावर पालथे पडले होते. अंगात शर्ट नव्हता. पाठ नुकतीच ओल्या फडक्यानं पुसलेली होती. महिन्यातला पहिला गुरुवार, म्हणजे पाठीच्या स्कॅनचा दिवस. मशीन चार्ज होऊन उशाशी तयार होतं आणि ऐन वेळी जेली संपल्याचं शालनच्या लक्षात आलं होतं.

"असंच पडून राहा. शर्ट घालू नका, परत पाठ घामेजती," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या मेडिकलातनं नळी घेऊन आलेच."

"येताना तंबाखूची पुडी..."

"ती न्हाई मिळायची."

चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. हे तिचं शेवटचं बोलणं. विलासरावांनी नंतर ते बऱ्याचदा आठवून पाहिलं. त्यात काही नव्हतं.

त्यांना डुलकी लागली. सारी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेलेली, त्यामुळे जिथे पाठ टेकेल तिथे, आणि न टेकेल तिथेही, झोप लागायची सवय. जाग आली ती खालच्या मजल्यावरच्या आक्काताईंच्या आवाजानं. त्या दारात उभ्या होत्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलेलं होतं.

"अण्णा, उठा. शर्ट घाला."

"शालन जेली आणायला गेलीय. म्हणून असा..."

"शर्ट घाला आधी," आक्काताई म्हणाल्या.

उघड्या अंगाचा पुरुष घरात असताना आक्काताई कधी उंबऱ्यापर्यंत आल्या नसत्या. विलासरावांना तिथेच बरंचसं समजलं. बटणं लावताना त्यांनी एक बटण चुकवलं, ते संध्याकाळपर्यंत चुकलेलंच राहिलं.

शालन मेडिकलच्या पायरीवर बसली होती. चक्कर आली, जरा बसते, असं म्हणाली आणि बसल्या जागी कलली. दुकानदारानं आणि एका रिक्षावाल्यानं तिला उचलून दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची लय बिघडली आणि थांबली. आदल्या वर्षी तिला अशीच चक्कर आली होती तेव्हा कार्डिओग्राम काढला होता. तो सरळ, म्हणजे बिनदोष निघाला होता.

सगळं उरकून लोक परत आले तेव्हा दारापाशी कोणीतरी तिच्या चपला आणि जेलीची नळी आणून ठेवली होती. मुलीनं, ऋतुजानं, चपला आत नेल्या. नळी विलासरावांनी आरशाशेजारच्या फळीवर ठेवली.

*

मशीनचं सरकारी नाव गृहस्कॅनर. गडहिंग्लजात त्याला सगळे इस्त्री म्हणतात, कारण ते दिसतं इस्त्रीसारखं आणि फिरवायचंही तसंच असतं. साठीच्या पुढचा माणूस घरात असेल तर आरोग्य खातं ते घरपोच देतं. "इस्त्री झाली काय?" असं बाजारात कोणी विचारलं तर कपड्यांबद्दल विचारलं असं आता कोणी समजत नाही.

त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. इस्त्रीच्या तळातून ध्वनिलहरी आणि अगदी दुबळ्या रेडिओलहरी शरीरात जातात. आतल्या एकेका थरावर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन आतलं चित्र तयार करतं. मोठ्या इस्पितळात यंत्र पक्कं बसवलेलं असतं आणि रोगी हलत नाही. घरात मशीन माणसाच्या हातात असतं. हात कलतो, थरथरतो, दमतो. जरा कलला तरी आतली गाठ आहे त्यापेक्षा मोठी दिसते, नाहीतर दिसतच नाही.

म्हणून मशीन कुठे टेकवायचं हे ठरलेलं आहे. पाठीसाठी मानेखालचं वर आलेलं हाड, खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक आणि कमरेचं हाड. या तीन खुणा आधी दाखवायच्या, मग सारख्या दाबानं, सावकाश, वरून खाली यायचं. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्यानं पुढच्या टोकाला आधार द्यायचा. पहिले काही महिने मशीन फक्त शिकतं. त्यातून तयार होतो तो मूळ नकाशा. पुढे प्रत्येक वेळी ते नवं चित्र त्या नकाशावर ठेवून पाहतं आणि फरक तेवढा सांगतं.

यात एक मेख आहे. मशीनला शरीर वेगळं आणि हात वेगळा असं कळत नाही. त्याला दोघांची बेरीज कळते. विलासरावांच्या पाठीचा नकाशा म्हणजे शालनच्या हातातून दिसलेली विलासरावांची पाठ. हात बदलला की बेरीज चुकते.

आणि कायदा असा की एका देहाचा नकाशा एकाच मशीनमध्ये राहील, त्याची नक्कल निघणार नाही. मध्यंतरी विम्यासाठी दुसऱ्याचा निरोगी नकाशा आपला म्हणून दाखवण्याचे प्रकार झाले, त्यानंतर हा कायदा आला.

विलासरावांच्या डाव्या मूत्रपिंडावर, पाठीकडूनच दिसेल अशी, तुरीच्या डाळीएवढी गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, अशा गाठी कधीकधी जन्मभर गप बसून राहतात. वाढायला लागली तर मात्र काढायला वेळ लावायचा नाही. दर महिन्याला बघत राहा. शालन त्या गाठीला भाडेकरू म्हणायची.

"भाडेकरू गप हाय काय?" विलासराव उशीत तोंड खुपसून विचारायचे.

"गप हाय. तुमीच बडबडालाय. हलू नका म्हटलं न्हवं?"

शालनला एक सवय होती आणि तिच्यापायी आरोग्यसेविका छायाताई कांबळे वैतागून गेल्या होत्या. पुस्तिकेत लिहिलं होतं की मशीन अंगाला टेकवावं आणि मगच बटण दाबावं. शालन आधी बटण दाबायची. मग चालू मशीन विलासरावांवरून हवेत तीनदा ओवाळायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, कानशिलावर बोटं मोडायची आणि मग जेली लावायला घ्यायची.

"अहो काकू, हे काय?" छायाताईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला होता. "दृष्ट काढताय होय?"

"मग? माणसानं नुसतं वरनं बघितलं तर नजर लागती. ही तर आतलं बघती. हिची लागणार न्हाई?"

"बरं, काढा. पण मशीन बंद ठेवून काढा की. दर वेळी तुमच्या घरची चूक वर जाते, बटण लवकर दाबलं म्हणून."

"बटण दाबल्याबिगार तिचा डोळा उघडत न्हाई. मिटल्या डोळ्याची दृष्ट कशी काढू?"

विलासराव पालथे पडून हसत होते. त्यांची पाठ हललेली पाहून शालननं त्यांना चापट मारली होती.

*

दिवसकार्य उरकल्यावर ऋतुजा चार दिवस राहिली. ती कोल्हापुरात एका पतपेढीत कामाला होती. तेराव्या दिवशी वाढता वाढता ती मध्येच जिन्याच्या पायरीवर बसली. "काही नाही, उपाशीपोटी जरा गरगरलं," म्हणाली. कोणीतरी तिला साखरपाणी दिलं.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मशीन काढलं.

"पप्पा, पालथे व्हा. महिना उलटून गेलाय."

विलासराव पालथे झाले. ऋतुजानं पुस्तिका वाचून तीन खुणा नीट दाखवल्या. हात हलका होता, पण वेगळा होता. शालन मशीन टेकवायची तेव्हा तिची करंगळी आधी लागायची. हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मशीन बाईच्या आवाजात म्हणालं, "हात ओळखीचा नाही. मूळ नकाशा पुसून नव्याने सुरुवात करायची का?"

"करायची," ऋतुजा म्हणाली.

"थांब. नाही दाब."

"का?"

"आज नको. बघू पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेलाही हे तेच विचारणार पप्पा. पुसल्याशिवाय गत्यंतर नाही."

"मग तेव्हा पुसू."

ऋतुजानं 'नाही' दाबलं. मशीन पुसून खोक्यात ठेवताना तिनं झाकण जरा जोरात लावलं.

मोठ्या यंत्रासाठी कोल्हापूरच्या इस्पितळात नंबर लावता आला असता. ऋतुजानं लावलाही. तो दिवाळीनंतरचा मिळाला.

ती गेल्यावर विलासरावांनी स्वतःच करून पाहिलं. छाती आणि पोट जमलं. पाठीसाठी त्यांनी मोरीतला आरसा भिंतीला टेकवला, शालनचा हातातला आरसा खुर्चीवर ठेवला आणि दोन्हींमध्ये पाठमोरे उभे राहिले. आंबोलीच्या घाटात मोठी गाडी आरशात बघून मागे घेणारा माणूस, त्याला स्वतःच्या फऱ्याचं टोक सापडेना. हात मागे वळला तो खांद्यातच अडकला. जेली विजारीवर सांडली. मशीन कुठेतरी कमरेच्या वर टेकलं.

"शरीर ओळखता येत नाही," मशीन म्हणालं.

"बरं," विलासराव म्हणाले आणि विजार बदलायला गेले.

*

पुढच्या महिन्यात छायाताई एका तरुणाला घेऊन आल्या. तन्वीर मुल्ला त्याचं नाव. घर मिरजेला, नोकरी पुण्यातल्या ज्या संस्थेनं मशीन बनवलं तिथे. चहा झाला, मिरज-गडहिंग्लज रस्त्याची चौकशी झाली.

"काका, आतली चित्रं आमच्याकडे येत नाहीत," तन्वीर म्हणाला. "वर येतात त्या फक्त चुका. बटण लवकर दाबल्याच्या चुकांत तुमचं घर सगळ्या जिल्ह्यात पहिलं आहे."

"सांगत होते मी," छायाताई म्हणाल्या. मग त्यांना आपणच ओशाळल्यासारखं झालं. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये खरं तर."

"बोला की," विलासराव म्हणाले. "तिला काय, ती ऐकत नव्हतीच."

तन्वीरनं परवानगी मागून मशीनला आपला लॅपटॉप जोडला. तो तासभर पडद्यात डोकं घालून बसला. छायाताई दोनदा उठून दुसऱ्या घरी जाऊन आल्या. शेवटी त्यानं विचारलं, "काकू बटण दाबून काय करायच्या?"

विलासरावांनी सांगितलं. तन्वीर हसला नाही.

"काका, तुम्ही ड्रायव्हर होता ना? गाडी चालू असताना खडखडाट येतो. तो इंजिनाचा की रस्त्याचा, कसं ओळखायचं?"

"गाडी उभी करायची. न्यूट्रलला टाकायची. मग जो येतो तो इंजिनाचा."

"काकूंनी तेच केलंय. इस्त्री अंगावर असते तेव्हा हात आणि शरीर एकत्र मिसळतात, वेगळे काढता येत नाहीत. आम्ही तीन वर्षं डोकं फोडतोय. आणि काकूंनी दर खेपेला मशीन हवेत धरून चालू केलंय. समोर शरीर नाही. म्हणजे त्यात जे उतरलंय तो निव्वळ हात."

त्यानं पडदा फिरवला. एक रेघ होती, कंगव्याच्या दातांसारखी. तन्वीरनं समजावलं की हृदयाचा प्रत्येक ठोका हाताला अगदी बारीक धक्का देतो. आपल्याला तो दिसत नाही. मशीनला दिसतो आणि ते त्याला कचरा समजून बाजूला सारतं. ओवाळणं हा मोठा, सावकाश झोका, तो गणितानं वजा केला की उरतात हे दात.

"हे शालनचे ठोके?"

"हो."

विलासराव बघत राहिले. मध्येच कंगव्याचे दोन दात पडलेले होते. त्यानंतरचा दात इतरांपेक्षा मोठा होता. पुढे पुन्हा तसंच.

"हे काय?"

"इथे ठोका चुकलाय."

"कधीचं हे?"

"हा शेवटच्या आधीचा स्कॅन. मागे जाऊ या." तन्वीर एकेक महिना मागे गेला. पडलेले दात कमी होत गेले. एका ठिकाणी रेघ सलग झाली. "गेल्या श्रावणापासून सुरू झालंय."

विलासरावांना आठवलं की श्रावणानंतर कधीकधी तिचा हात पाठीवर मध्येच थांबायचा. "काय झालं?" ते विचारायचे. "घाम आला," ती म्हणायची आणि पुढे सरकायची. त्यांनी उशीतून तोंड वर काढलं नव्हतं. भाडेकरूचीच चौकशी केली होती.

"पण कार्डिओग्राम सरळ होता तिचा," ते म्हणाले.

"डॉक्टरांसमोर आडवं पडून पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात ठोका चुकायला हवा ना. इथे महिन्यामागून महिने नोंद आहे." तन्वीरनं लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "काका, जवळचं रक्ताचं कोण? काकूंची भावंडं, मुलं?"

"मुलगी एकच. का?"

"लयीचा हा दोष कधीकधी आईकडून मुलांकडे जातो. तिला कधी चक्कर वगैरे?"

जिन्याच्या पायरीवर बसलेली ऋतुजा विलासरावांच्या डोळ्यांसमोर आली. त्यांनी साखरपाण्याचं सांगितलं. छायाताईंनी तन्वीरकडे पाहिलं.

तन्वीरनं सरळ सांगितलं. या नोंदीवरून कुठल्याही हातातला ठोका ओळखण्याची रीत बसवता येईल. पण मूळ नोंद मशीनच्या पोटात आहे, तिची नक्कल निघत नाही. मशीनच पुण्याला न्यावं लागेल, उघडावं लागेल. त्याला काही महिने जातील. तोवर कायद्यानं विलासरावांना दुसरं मशीन मिळणार नाही, कारण त्यांचा नकाशा त्यात अडकलेला असेल.

"आणि पाठीचा नकाशा?"

"उघडल्यावर तो राहील याची खात्री नाही. बहुतेक नाहीच राहणार. त्यातला काकूंचा हातही. आम्ही त्यातून जे शिकू तेवढं उरेल." तो उठला. "घाई नाही काका. तुमची स्वतःची गाठ आहे. नकाशा पुसून नवा सुरू केलात तर त्यावर लक्ष राहील. तो तुमचा हक्क आहे. विचार करा."

*

शनिवारी ऋतुजा आली ती ठरवूनच. बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि खोकं काढलं.

"आज पुसायचं. मी दर महिन्याला येणार, माझाच हात शिकवायचा त्याला. पालथे व्हा."

विलासराव खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी तन्वीरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ऋतुजा मशीन मांडीवर घेऊन ऐकत होती.

"बरं. मी सोमवारी कार्डिओग्राम काढून घेते. झालं?"

"आईचाही सरळच होता."

"मग दुसऱ्या तपासण्या असतात. छातीला पट्टी लावून दिवसभर..."

"चोवीस तासांत नाही चुकला तर?"

"आणि मला काही नसेलच तर?"

"नसेल तर बरंच की."

"आणि तिकडे तुमची गाठ रोज वाढत असेल तर?"

"असेल."

"असेल! असेल काय पप्पा?" ती मशीन दिवाणावर टाकून उठली. "मला कळत नाही होय? तुम्हाला आईचा हात पुसायचा नाहीय. पहिल्या दिवसापासून तेच चाललंय. आता माझं नाव पुढे करताय."

विलासरावांनी यावर विचार केला. खाली आक्काताईंच्या कुकरची शिट्टी झाली.

"तेच होतं," ते म्हणाले. "तन्वीर आला त्या दिवसापर्यंत तेच होतं. म्हणून तर तुला नको म्हणत होतो. पण मशीन दिलं तरी तो हात जायचाच आहे, ऋतू. उघडल्यावर राहत नाही म्हणाला तो."

ऋतुजानं दिवाणावर टाकलेलं मशीन उचलून सरळ ठेवलं.

"ठेवून घेतलं तर हात राहतो. पुसलं तर माझ्या गाठीचं कळतं. दिलं तर यातलं काहीच राहत नाही. फक्त तुझं कळतं."

"मग देऊ नका."

"दिलंय. सोमवारी छायाताई न्यायला येणार आहेत."

"मला न विचारता?"

"मशीन माझ्या नावावर आहे," विलासराव म्हणाले.

ऋतुजा रडली, मग चिडली, मग पिठलं टाकायला आत गेली. जेवताना तिनं विचारलं, आई ओवाळताना काय म्हणायची. विलासरावांना ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं ऐकलं होतं, पण शब्द कधी लावले नव्हते. आल्यागेल्याचं, शेजाऱ्यापाजाऱ्याचं काहीतरी असायचं आणि शेवटी मशीनचंही नाव असायचं एवढं त्यांनी सांगितलं.

*

तन्वीरचा फोन आला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. तो नवं मशीन घेऊन छायाताईंच्या उपकेंद्रात आला. ऋतुजा रजा घेऊन आली. विलासराव बरोबर होते.

"बटण दाबा," तन्वीर म्हणाला, "आणि मशीन हवेत सावकाश फिरवा. गोल."

ऋतुजानं बटण दाबलं आणि हात पुढे करून उभी राहिली. हात ताठ होता.

"असं मोकळ्या हवेत कसंतरीच वाटतं. समोर कोणीतरी बसा ना."

तन्वीर पडद्याकडे होता. छायाताई टोचायला आलेल्या बाळाला धरून होत्या. विलासरावांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ऋतुजानं त्यांच्यावरून मशीन ओवाळलं. तीनदा ओवाळून झाल्यावर ती थांबली.

"आणखी फिरवा," तन्वीर म्हणाला. ती फिरवत राहिली. विलासराव डोळे मिटून बसले होते.

रेघ उमटत गेली. दात, दात, दात. पुष्कळ वेळ सगळे जागेवर होते आणि ऋतुजा विलासरावांकडे बघून, आता काय म्हणता, अशा अर्थानं मान उडवणार तेवढ्यात तन्वीर म्हणाला, "फिरवत राहा, थांबू नका." मग त्यानं विलासरावांना जवळ बोलावलं. दोन दात पडले होते. त्यानंतरचा मोठा होता.

पुढचं सगळं कोल्हापुरात झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग तन्वीरच्या रेघा नीट पाहिल्या, मग ऋतुजाला बरेच दिवस पट्टी लावून ठेवली आणि दोष पकडला. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडीपेटीएवढं एक यंत्र बसवलं. ठोका थांबायला गेला तर ते त्याला ढकलतं. ऋतुजा घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर विलासरावांना ओरडायला लागली, त्यावरून ती ठीक आहे असं समजलं.

आरोग्य खात्यानं नवी पुस्तिका काढली आहे. तिच्यात पहिल्याच पानावर आहे की बटण दाबून मशीन प्रथम हवेत तीन वेढे फिरवावं. तीनच का, ते लिहिलेलं नाही. छायाताई आता घरोघर जाऊन लोकांना हेच शिकवतात. जुन्या सवयीनं कोणी आधी अंगाला टेकवलं की त्या कपाळाला हात लावतात.

जुनं मशीन परत आलं नाही. मूळ नकाशा शिल्लक राहिला नसल्याचं तन्वीरनं स्वतः फोन करून कळवलं. विलासराव म्हणाले, "तू सांगितलंच होतंस बाबा." जुन्याच्या बदली आलेलं नवं मशीन खोक्यात आहे.

मोठ्या यंत्राचा दिवाळीनंतरचा नंबर निघून गेला. त्या आठवड्यात विलासराव ऋतुजाच्या उशाशी होते. दुसरा लावला आहे, तो उन्हाळ्यात येईल. पाठीसाठी नव्या मशीनला एकच हात शिकवावा लागतो. छायाताई तयार आहेत, पण त्यांची बदली कधीही होऊ शकते. शिकवायचा तो ऋतुजाचा हात असं ठरलं आहे. मशीनला दोन्ही हात लागतात आणि ज्या बाजूला यंत्र बसवलं त्या बाजूचा हात तिनं अजून काही दिवस खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन धरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

"छायाताईंकडून तरी एकदा करून घ्या पप्पा," ती फोनवर म्हणते. "नुसतं बघून तर सांगतील."

"तू बरी हो," विलासराव म्हणतात.

शालननं आणलेली जेलीची नळी आरशाशेजारच्या फळीवर आहे. तिचं झाकण उघडलेलं नाही. छाती आणि पोट विलासरावांनी नव्या मशीनवर स्वतः केलं आहे, आधी हवेत तीन वेढे फिरवून. भाडेकरू वाढला की गप आहे, ते पाहिलेलं नाही. पाठ राहिली आहे.